गोळी आणि ताट
(ज्युबिलीच्या पूर्वतयारीच्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही मधुमेहासारखा विषय काढावा, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु सणाचें ताट आणि उपवासाचा दिवस या दोहोंशीं या दुखण्याचा निकट संबंध आहे. आणि घरभेटींस गेलों असतां, जेथें फडताळांत गोळ्यांची डबी नाहीं असें घर आतां क्वचितच दृष्टीस पडतें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देशांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर भरली, आणि सर्वांत अधिक प्रमाण गोव्यांत, प्रौढांपैकीं शेंकडा २६.४, असें निघालें. तेरेखोलच्या पलीकडचें ताट आणि अलीकडचें ताट यांत असें अंतर तें किती?

आम्ही कांहीं वैद्य नव्हे. गोळी कोणती व किती, हें डॉक्टरांनींच सांगावें. पण दोन गैरसमज आमच्या कानांवर नित्य येतात. एक म्हणतो, "गोळी घेतली आहे, आतां खाण्यास हरकत नाहीं." दुसरा म्हणतो, "पथ्य करतों, कारल्याचा रस पितों, मग गोळी कशाला?" या दुसऱ्याची आम्हांस अधिक भीति वाटते, कारण तो स्वतःस शहाणा समजतो.

स्वादुपिंडांतून स्रवणारें इन्सुलिन रक्तांतील साखर शरीराच्या पेशींत पोंचवितें. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत शरीर त्या इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीं, आणि पुढें पुढें तें कमीहि पडूं लागतें. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृतांतून रक्तांत येणारी साखर आवरते. दुपारीं अधिक घेतलेल्या भाताचा भार ती एकटी कशी पेलणार? उलट, पथ्यानें जेवणानंतरची साखर उतरते, परंतु रात्रभर यकृत जी साखर सोडीत असतें तिला नुसतें पथ्य पुष्कळांस पुरें पडत नाहीं. म्हणून दोन्ही हवींत. ब्रिटनमध्यें २०१७ सालच्या एका प्रयोगांत, रोग जडून सहा वर्षें न झालेल्या लोकांस कडक आहारावर ठेवून वजन उतरविलें, तेव्हां वर्षाअखेर शेंकडा ४६ जणांची साखर औषधावांचून मर्यादेंत राहिली. हें खरें, पण तेथें गोळ्या थांबविल्या त्या वैद्यकीय देखरेखीखालीं, शेजाऱ्याच्या सल्ल्यानें नव्हे. आणि निम्म्याहून अधिकांस तें साधलें नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

"आम्ही तर सडपातळ," असें म्हणणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगतों. पुण्याच्या केईएम इस्पितळांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं स्वतःची तुलना लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याशीं करून २००४ सालीं ती प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२. आरसा आपणां भारतीयांस फसवितो तो असा.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. सकाळची पेज सोडा, असें आम्ही सांगत नाहीं. उकड्या तांदळाची पेज वाटीनें मोजून घ्यावी, आणि तिच्यासोबत नुसतें लोणचें न घेतां कुळथाची उसळ किंवा भाजलेला बांगडा घ्यावा. ताटाचा अर्धा भाग भाजीनें भरावा, पाव भाग मासळीनें अगर कडधान्यानें, आणि उरलेल्या पाव भागांत भात किंवा भाकरी. नाचणी उत्तम, पण ती मोजण्याचें कारण नाहीं हा भ्रम आहे. गुळानें व मधानें साखर चढत नाहीं, हा त्याहून मोठा भ्रम. कोकमाचें सरबत म्हणजे साखरेचा पाक. त्यापेक्षां बिनसाखरेची सोलकढी बरी. देवगडचा हापूस समोर आला तर अर्धा खावा आणि त्या वेळचा भात तितका कमी करावा. खारवलेल्या मासळीस हात आंखडता ठेवावा, कारण मधुमेहासोबत रक्तदाब बहुधा असतोच. शिवाय पुळणीवर अनवाणी फिरणाऱ्यांनीं रोज रात्रीं तळपाय पाहावेत. बधिर पायास शिंपल्याची जखम कळत नाहीं.

उपवासाविषयीं आमच्याकडून स्पष्ट बोलणें अवश्य आहे. राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दिवसांच्या उपवासाचें बंधन वयाच्या १८ व्या वर्षापासून ५९ वर्षें पूर्ण होईपर्यंत. आणि आजाऱ्यास त्यांतून मोकळीक आहे. कम्युनियनपूर्वींचा मध्यरात्रीपासूनचा उपवास १९५३ पासून शिथिल होत १९६४ सालीं एका तासावर आला. पाण्यानें व औषधानें तो मोडत नाहीं, आणि वृद्धांस व आजाऱ्यांस त्या तासाचेंहि बंधन नाहीं. तरीहि जुन्या संवयीनें कित्येक वडीलधारीं माणसें गोळी घेऊन निराहार मिस्सेस येतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामें ठेवलें तर साखर ७० च्या खालीं जाऊं शकते. मग घाम फुटतो, हातपाय कांपतात, जीभ अडखळते. फेस्ताच्या रात्रीं असा मनुष्य पाहून "प्यायला आहे" म्हणून लोक हंसतात आणि त्याला तसाच पडूं देतात! खरोखर प्यायलेला असेल तर धोका दुप्पट, कारण मद्यहि साखर खालीं ओढतें. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां इस्पितळ गांठावें.

ज्युबिलीच्या दिवशीं मिस्सा व मिरवणूक मिळून दुपार होईल. अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं न्याहारी करूनच यावें आणि खिशांत साखरेची पुडी ठेवावी. मंडपांत बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवण्याचें महिलामंडळानें मान्य केलें आहे. दोदोल वाढतांना दुसऱ्या तुकड्याचा आग्रह करूं नये, एवढी त्यांस आमची विनंति आहे.