थोडं कमी, आजपासून

‘मीठ वाईट, साखर वाईट’ असं बजावल्यानं जेवणाची सवय सहसा बदलत नाही. ती बदलायला पटणारे शब्द लागतात.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं 2018 मध्ये ‘ईट राइट इंडिया’ मोहीम सुरू केली. तेल, मीठ, साखर एकदम सोडा, असं तिनं सांगितलं नाही. ‘आजपासून थोडं कमी’ एवढंच मागितलं. या मागणीत तीन गुण आहेत: ती झेपणारी आहे, तिला आजचा मुहूर्त आहे आणि ती कुणाला दोष देत नाही.

आकडाही डोळ्यांसमोर उभा राहायला हवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. नुसते ग्रॅम लक्षात राहत नाहीत. ‘दिवसभरात चहाचा एक सपाट चमचाही नको’ हे राहतं. त्यात लोणचं, पापड, फरसाणातलं मीठही आलं.

शाळेच्या किंवा खानावळीच्या फलकासाठी लिहिताना म्हणूनच ‘आरोग्य जपा’ एवढ्यावर थांबू नका. ‘जेवताना वरून मीठ घेऊ नका’ असं लिहा. नेमकी, करता येण्याजोगी कृती सांगितली, की माणूस ती करून पाहतो.