काळी फीत आणि लेझीम



गेला महिनाभर या शाळेत किती धामधूम होती, ते आज दुपारी तुमच्या हस्तलिखितातून कळलं. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, बालआनंद मेळावा, रविवारचे कबड्डीचे सामने, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, शिष्यवृत्तीचे जादा तास आणि रोज शाळा सुटल्यावर गॅदरिंगच्या तालमी. याच महिन्यात तुमचे शिक्षक काळ्या फिती लावून वर्गावर येत होते आणि त्यांच्या संघटनेची शासनाशी बोलणी चालू होती. हस्तलिखितात सातवीतल्या एका मुलीनं विचारलंय, ‘सरांची मागणी मान्य झाली नाही तर आमचं गॅदरिंग होणार का?’ संपादक मंडळानं हा प्रश्न गाळला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. कामगार संघटनेच्या कामात आणि मालकांशी बोलणी करण्यात माझा जन्म गेला. तेव्हा आज या प्रश्नावरच बोलतो.

तुमची शाळा अंशतः अनुदानित आहे. म्हणजे शासन पगाराचा पूर्ण भार उचलत नाही, 20-20 टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान वाढतं. जेवढा टप्पा, तेवढाच पगार. त्यामुळे एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसणारे, तोच विषय, तेवढेच तास शिकवणारे दोघे घरी नेतात तो पगार मात्र सारखा नसतो. पुढचा टप्पा वेळेवर द्या, एवढंच तुमचे शिक्षक म्हणतायत.

मग कोर्टात का जात नाहीत, असं मघाशी एका पालकांनी मला विचारलं. कारखान्यातल्या कामगाराला औद्योगिक विवाद कायद्याचा आधार होता. शिक्षकाला तो मिळाला नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1988 साली ठरवलं, की त्या कायद्याच्या अर्थानं शिक्षक कामगार नव्हे. नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरण आहे. हायकोर्टाचं दारही उघडं आहे, पण ते खर्चाचं आणि वेळखाऊ. म्हणून निवेदन द्यायचं, शिष्टमंडळ न्यायचं, धरणं धरायचं आणि पुन्हा चर्चेला बसायचं. हा रस्ता चिकाटीचा आहे, आणि आपल्याकडे तो फार जुना आहे.

तुमचे कबड्डीचे सामने रविवारी झाले ना? मुंबईच्या गिरण्यांत एके काळी रविवारची हक्काची सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्यात काय मागितलं होतं, ते नीट ऐका. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. गिरणी सकाळी साडेसहाला सुरू व्हावी, सूर्यास्ताला बंद व्हावी. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. आमच्यावर दया करा, असा सूर कुठेही नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, 15 तारीख म्हणजे 15 तारीख. दिलं की नाही दिलं, हे कुणालाही तपासता येईल, अशी मागणी. पुढे 24 एप्रिल 1890 ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. त्या काळात, एवढ्या गर्दीपुढे! मुलींनो, त्या दोघींची आठवण ठेवा. 10 जून 1890 ला गिरणी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. पहिल्या निवेदनानंतर तब्बल सहा वर्षांनी.

मघाशी रंगमंचाच्या मागे डोकावलो. तुमचे एक सर खाली बसून पक्कड घेऊन लेझमीच्या निसटलेल्या चकत्या तारेत ओवत होते. शर्टाच्या बाहीवर काळी फीत तशीच होती. भोवती नववीची मुलं उभी, कुणी तार धरलीय, कुणी चकत्या मोजतंय. हक्क मागणारा माणूस कामचुकार असतो, असं सर्रास बोललं जातं. ते मला कधीच पटलं नाही आणि आज तर मुळीच पटणार नाही.

शिक्षकांनाही माझी एक विनंती आहे. तुम्ही काय मागताय ते मुलांना सांगा. त्यांच्यापासून ते लपवावं असं त्यात काहीच नाही. बालआनंद मेळाव्यात भजीच्या गाळ्याचा जमाखर्च पैशापैशांनी जुळवणाऱ्या मुलांना टप्पा, टक्के आणि थकबाकी नक्की समजेल. आणि पालकहो, शिक्षकांच्या पुढच्या निवेदनाला पालक-शिक्षक संघानं स्वतंत्र पत्र जोडावं, खाली तुमच्या सह्या असाव्यात. मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे, तो फक्त स्टाफरूमचा नाही.

आता सातवीच्या त्या मुलीसाठी. बाळ, गॅदरिंग झालं, तू इथेच बसली आहेस. बोलणी अजून संपलेली नाहीत. ती लांबतील, मध्ये एखादा दिवस शाळा बंदही राहील. तेव्हा घाबरू नकोस. शाळा उघडली की सरांना विचार, चर्चेत काय ठरलं. ते सांगतील ते लिहून घे आणि पुढच्या हस्तलिखितात दे.

मुख्याध्यापकांनी पुढच्या शनिवारी दहावीचा एक तास मला दिला आहे. निवेदन कसं लिहायचं, ते आपण फळ्यावर करून बघू. येताना प्रत्येकानं शाळेसाठी एक मागणी लिहून आणा. आता बक्षीस वितरणाला सुरुवात करू या, कबड्डीचा संघ केव्हाचा ताटकळलाय.