बाळंत्यांविषयी थोडेसे
(सातपूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज विषय लंगोटांचा आहे. हसू नका. गेल्या नाताळात आपण पेठ-सुरगाण्याहून इकडे कामाला आलेल्या आदिवासी कुटुंबांसाठी भेटी जमवल्या. त्यांत डायपरची पाकिटे पुष्कळ होती आणि ती मीच मोठ्या आनंदाने वाटली. जानेवारीत त्यांतल्या एका खोलीवर गेले, तर दोन महिन्यांच्या बाळाच्या मांड्या लालबुंद, सोललेल्या. आईने पाकीट पुरवून पुरवून वापरले होते. सकाळी बांधलेला डायपर ती संध्याकाळी काढायची. "ताई, एवढी महाग वस्तू, भरल्याबिगर कशी टाकायची?" तिचे काय चुकले? दहा-बारा रुपयांचा एक, असे दिवसाला पाच-सहा. बिगारीवर जाणाऱ्या घराला पाकीट संपल्यावर ते कसे झेपणार, हा हिशेब मी केलाच नव्हता.

आमच्या नर्सबाईंनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. पहिला आठवडा उलटल्यावर अंगावर पिणारे बाळ दिवसातून सहा वेळा तरी शू करत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. डायपरमधली पावडर ओल शोषून घेते, वरून कोरडेच लागते, आईला मोजता येत नाही. लंगोट लगेच सांगतो.

दुकानात बटणांचे कापडी डायपर मिळतात. चांगले असतात, पण महाग, आणि त्यांची जाड गादी पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. आपल्या आज्यांचा चौकोनी सुती तुकडा एकपदरी, म्हणून लवकर वाळतो. तिकोनी घडी घालून नाडीने बांधावा. बाळ वाढले की घडी बदलावी. जुने सुती लुगडे, धोतर, मलमल उत्तम. पॉलिएस्टरची साडी कितीही मऊ लागली तरी ओल शोषत नाही, ती कृपया देऊ नका. कापड नवे असेल तर खळ जाईपर्यंत धुऊन आणा.

"पण धुणार कोण?" असे मागच्या बैठकीत एका भगिनीने विचारले. प्रश्न रास्त आहे. चाळीत नळाला पाणी थोडाच वेळ असते. वीस-चोवीस लंगोट असले तर दिवसातून एकदा धुऊन भागते: शी संडासात टाकावी, गार पाण्यात खळबळावे, मग साबण, कडक पाणी आणि ऊन. साबण नीट निघाला पाहिजे, नाहीतर त्यानेही पुरळ उठते. आणि बापाचे हात धुण्याने झिजत नाहीत! रात्री किंवा एसटीच्या प्रवासात डायपर बांधला तर ते पाप नव्हे, माझ्या मुलीला मीही बांधला आहे. मात्र वापरलेला कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा द्यावा, नाल्यात टाकू नये.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणीबरोबर बाळंतेही आहे. धर्मशिक्षणाच्या डिप्लोमाला आम्ही गव्हाणीवर तासन्‌तास बोललो, बाळंत्यावर एकदाही नाही.

त्या बाळाची कातडी डॉक्टरांच्या मलमाने आणि मोकळे ठेवल्याने बरी झाली आहे. त्याच्याकडे सध्या सहाच लंगोट आहेत. पुढच्या रविवारी उपासनेनंतर सुती कापड घेऊन या. कडा शिवायला दोन मशिनी आहेत. तिसरी कोणी महिनाभर दिली तर काम पावसाआधी उरकेल.