नऊ चौरस मीटरचं भाडं

(सिरोंचा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात स्टॉल कसा घ्यावा आणि कसा मांडावा, हा विषय संयोजकांनी मला दिला तेव्हा त्यांच्या मनात बचत गटांच्या ताया होत्या. त्या पुढेच बसल्या आहेत. तेव्हा सौंदर्यशास्त्र मागाहून, आधी पैसा.

मुंबईत गोरेगावला एक्स्प्रेस हायवेच्या कडेला मोठं प्रदर्शन केंद्र आहे. सगळे त्याला नेस्को म्हणतात. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२२ साली जिओचं केंद्र उघडलं. दिल्लीला प्रगती मैदान आहे, तिथे आता भारत मंडपम उभा आहे. असल्या ठिकाणी जागा चौरस मीटरवर विकतात आणि ती दोन तऱ्हांनी मिळते. एक म्हणजे नुसती जमीन. खडूनं आखलेला चौकोन तुमचा, त्यावर काय उभं करायचं ते तुम्ही पाहा. विजेचे पैसेही वेगळे. हे मोठ्या कंपन्यांचं काम. दुसरी तऱ्हा म्हणजे शेल स्कीम. तीन मीटर बाय तीन मीटर, तिन्ही बाजूंना पांढऱ्या फळ्या, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट, एक प्लग, कचऱ्याची टोपली आणि खाली चिकटवलेलं कार्पेट. सुतारही प्रदर्शनाचे संयोजकच आणतात, मोडूनही तेच नेतात. चौकातला, दोन बाजूंनी उघडा स्टॉल हवा असेल तर दहा टक्के किंवा त्याहून जास्त ज्यादा मोजावे लागतात.

आता हिशेब मांडू. समजा, दर चौरस मीटरला दहा हजार रुपये आहे. नऊ चौरस मीटरचे नव्वद हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एक लाख सहा हजार दोनशे. प्रदर्शन तीन दिवस, रोज आठ तास. चोवीस तासांनी भागा: ताशी चार हजार चारशे पंचवीस रुपये. तुम्ही जेवायला गेलात तरी मीटर चालूच. तुमच्या एका बांबूच्या टोपलीमागे खर्च वजा जाता साठ रुपये सुटतात असं धरलं, तर नुसतं भाडं निघायला १७७० टोपल्या विकाव्या लागतील. प्रवास, मुक्काम, चहापाणी त्यात धरलेलं नाही. तेवढ्या टोपल्या घेऊन जायला ट्रक लागेल, आणि ट्रकचं भाडं त्या टोपल्यांवरच बसेल.

म्हणजे व्यापारी प्रदर्शन हे टोपल्या विकण्याचं ठिकाण नव्हेच. तिथे ऑर्डर घ्यायची असते. एखादं हॉटेल महिन्याला दोनशे टोपल्या मागेल, एखादा दुकानदार दिवाळीच्या भेटींसाठी करंड्या मागेल, तर ते भाडं सार्थकी लागतं. किरकोळ विक्रीसाठी वेगळी जागा आहे. ग्रामविकास विभागाचं 'उमेद' अभियान मुंबईत महालक्ष्मी सरस भरवतं, तिथे बचत गटांना सहसा जागेचं भाडं पडत नाही. दिल्लीत दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो, त्यातही महाराष्ट्राचं दालन असतं. हे चांगलंच आहे. पण फुकटच्या जागेनं आपल्याला एक वाईट खोड लावली: आपण हिशेब सोडला. विक्री किती झाली हे परतल्यावर सांगतो, ताशी किती पडलं हे विचारत नाही. जागेचं भाडं सरकारनं भरलं म्हणजे ते भाडं नव्हतं असं होत नाही.

भाड्याची गोष्ट इथे थांबवतो, कारण मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते मांडणीचं आहे.

प्रदर्शन या प्रकाराचा उगम लोक १८५१ सालच्या लंडनपर्यंत नेतात. हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टननं लोखंड आणि काचेचा महाल उभा केला. हा गृहस्थ मूळचा माळी. त्यानं एकाच मापाचे भाग कारखान्यात करवून घेतले आणि जागेवर जोडले. प्रदर्शन संपल्यावर तो महाल उतरवून लंडनमध्येच दुसरीकडे, सिडनहॅमला, नेऊन उभारला. आज नेस्कोत दिसणाऱ्या पांढऱ्या फळ्यांची पद्धत त्याच कुळातली. जर्मनीतून आलेल्या ॲल्युमिनियमच्या अष्टकोनी खांबाला आठ खाचा असतात, त्यांत पट्ट्या अडकवायच्या. खिळा कुठेच नाही. आणि म्हणूनच तुम्ही त्या फळीला खिळा ठोकलात की दंड! वस्तू टांगायच्या तर वरच्या पट्टीला आकडा लावून साखळीनं.

त्या लंडनच्या प्रदर्शनात हिंदुस्थानचा मोठा विभाग होता. तिथे एक सजवलेली अंबारी होती आणि तिच्याखाली उभा करायला पेंढा भरलेला हत्ती हवा होता. तो एसेक्समधल्या एका संग्रहालयातून आणला. हत्ती निघाला आफ्रिकेचा. कमलापूरचे हत्ती लहानपणापासून पाहिलेली इथली पोरं ते कान बघून हसली असती, लंडनमध्ये कुणाला फरक पडला नाही. मांडणारा एक आणि मालाचा धनी दुसरा असला की असं होतं.

आपल्या जवळचा दाखला याहून कडू आहे. १८६०च्या दशकात सिरोंचा हे जिल्ह्याचं ठाणं होतं. अप्पर गोदावरी जिल्हा, मध्य प्रांत. १८७४ साली तो मोडला आणि हा मुलूख चांद्याला जोडला गेला. पुढे १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला. त्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांना प्रदर्शनांचा भारी सोस. डिसेंबर १८६५ मध्ये नागपूरला कला, कारागिरी आणि उत्पादनांचं प्रदर्शन भरलं. पाठोपाठ १८६६-६७ साली जबलपूरला भरलं आणि तिथे प्रांतातल्या आदिवासी जमातींची माणसं आणली गेली. वस्तू विकायला नव्हे, पाहायला. त्यांना तपासायला समिती होती, तिचा छापील अहवाल आहे, आणि अहवालाच्या शीर्षकातच या माणसांसाठी 'नमुने' असा शब्द आहे. गव्हाचा नमुना, कापसाचा नमुना, माणसाचा नमुना.

हे दीडशे वर्षांपूर्वीचं, आता कशाला उकरून काढता, असं वाटेल. मी पाहिलेलं सांगतो. एका मोठ्या शहरात एका संस्थेनं आपल्या भागातल्या महिलांसाठी स्टॉल घेतला होता. पैसा भरपूर, डिझायनर शहरातला. त्यानं गवताचं छप्पर घातलं, दोन भाले आडवे लावले, शिंगांचा टोप टांगला, कोपऱ्यात ढोल ठेवला. दोघी बाया दारात बसवल्या होत्या. दिवसभर गर्दी! लोक येत, त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढत, पुढे जात. माल मागच्या फळीवर होता, त्यावर किंमत नव्हती. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "भाऊ, हे लोक आमच्याकडे बघतात, सुपाकडे कोणी बघत नाही, असं कसं?" डिझायनरला त्या मांडणीबद्दल शाबासकी मिळाली. माझ्या मते तो जबलपूरचाच स्टॉल होता, फक्त दिवे एलईडीचे.

म्हणून मांडणीचा पहिला नियम मी असा धरतो: गिऱ्हाईकाची नजर माणसावर आधी जाऊ नये, हातातल्या कामावर जावी. बुरूड काकांना, इथल्या तेलुगू बोलीत मेदरींना, स्टॉलवर बसवायचंच असेल तर सुरी आणि बांबू देऊन बसवा. पात्या निघताना, कड बांधली जाताना लोक थांबतात. थांबलेला माणूस प्रश्न विचारतो, आणि प्रश्नाला उत्तर देणारा कारागीर तिथेच असतो. पोशाख रोजचा. टोप घरी.

दुसरं, टेबल. प्रदर्शनाचे संयोजक टेबल दर्शनी बाजूला आडवं लावून देतात, आणि आपण त्याच्यामागे बँकेतल्या कॅशियरसारखे बसून राहतो. ते टेबल पहिल्याच दिवशी बाजूच्या भिंतीला सरकवा. तोंड मोकळं असलं की माणूस आत पाऊल टाकतो. माल कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत. खाली जमिनीवर ठेवलेली सुपं वाकून कोणी पाहत नाही, साडी नेसलेली बाई तर नाहीच. वरच्या पट्टीवर गटाचं लांबलचक नोंदणीकृत नाव, गाव, तालुका, जिल्हा एवढं सगळं लिहू नका. 'सिरोंचा बांबू' एवढं दहा-बारा पावलांवरून वाचता आलं की झालं. बाकीचं आत चिठ्ठीवर.

उजेडाकडे आपलं लक्षच नसतं. बांबू, टसर, मोहाच्या फुलांचे लाडू, सगळा आपला माल पिवळ्या-तांबूस रंगाचा. पांढऱ्याफटक दिव्याखाली तो आजारी दिसतो. दोन पिवळसर एलईडी दिवे आणि लांब वायर घरून न्या. खर्च काही शे रुपयांचा, फरक मोठा. आणि माल नेण्याआधी बांबूला बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया झालीय ना, ते पाहा. भुंग्यानं पाडलेली पिठी तुमच्या टेबलावर दिसली की मोठा व्यापारी एक शब्द न बोलता निघून जातो. बांबूच्या ताटव्यांनी भिंती मढवायची हौस असेल तर आधी संयोजकांना विचारा, बंद हॉलमध्ये आगीचे नियम कडक असतात आणि न विचारता लावलेले ताटवे उद्घाटनाच्या सकाळी उतरवायला लावतात.

एसटीच्या टपावर आणि रेल्वेच्या बाकाखाली जे बसेल, तेवढाच तुमचा स्टॉल. इथून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर, रस्ता कसा आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा मांडणीचे बांबू चार-चार फुटांचे, खोबणीत बसणारे करा. टोपलीत टोपली बसेल अशा मापानं विणा. ज्या पेटाऱ्यांतून माल जाईल तेच उलटे रचले की मंचाची फळी व्हावी. खुर्ची, पडदा, टीव्ही तिथे भाड्यानं मिळतात. नावाची पट्टी, दिवे आणि किमतीच्या चिठ्ठ्या मात्र आपल्याच असाव्यात. आणि कार्पेट उपटलं जातं त्या शेवटच्या संध्याकाळी घाईनं पळू नका. शेजारचे स्टॉलवाले प्लाय, कापड, फोमचे तुकडे टाकून देतात. मागितले तर देतात.

एवढं सगळं मुंबईचं बोललो, पण मला मुळात हे विचारायचंय की मुंबईच का? सिरोंचाहून नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. गोदावरीवर पूल झाल्यापासून तर अंगणात आल्यासारखं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या लेकी-सुना पलीकडच्या आहेत, मिरची तोडायला दरसाल माणसं तिकडे जातात, पलीकडच्या मेडारमच्या जत्रेला तर अख्खी घरं कुलूप लावून जातात. त्या हैदराबादेत नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी १ जानेवारीला नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, सुरू होते आणि साधारण दीड महिना चालते. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी ती सुरू केली. तिथे कुटुंबं येतात, खरेदी करतात, पिशव्या भरून नेतात. आणि तिथे तुम्हाला दुभाषी लागत नाही. तेलुगूत भाव सांगाल, मराठीत आपसात ठरवाल, हिंदीत समजूत घालाल, माडियात घरच्यांना फोन कराल. नेस्कोतल्या कुठल्या स्टॉलवर चार भाषांचा विक्रेता आहे मला दाखवा! आपले अधिकारी मुंबईकडे तोंड करून बसलेले असतात म्हणून आपणही तिकडेच बघायचं, ही सवय आता मोडायला हवी. मोसमही जुळतो: सुगी आटोपलेली असते. आपला कलेक्टर आंबा मात्र हुकतो, तो उन्हाळ्यातच यायचा. त्यासाठी वेगळी सोय बघावी लागेल.

एक शेवटची गोष्ट. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता नदीचं पुष्कर, म्हणजे स्नानाचा मेळा, झालं. बारा दिवस इथल्या घाटावर माणसांचा पूर होता. त्या बारा दिवसांत घाटावर दुकानं कोणी लावली होती, काय विकत होते आणि तो माल कुठून आला होता, हे घरी गेल्यावर आठवून पाहा. २०२७ साली गोदावरीचं पुष्कर आहे. ती गर्दी तुमच्या दारात येणार, जागेचं भाडं शहराच्या मानानं काहीच नसणार. घाटावरची जागा कशी मिळते याची चौकशी नगरपंचायतीत आत्ताच सुरू करा, तीन बाय तीन मीटरचा चौकोन खडूनं आखा आणि तालीम तिथे करा. काय खपलं, कोण थांबलं, कुठली चिठ्ठी वाचली गेली नाही, ते वहीत लिहून ठेवा. त्यानंतरच्या १ जानेवारीला ती वही घेऊन नामपल्लीला जा.