कुणाचा रे तू?

(मंडळाच्या कुळगी येथील कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नातेसंबंध आणि आपलं स्वास्थ्य, असा विषय मला दिला आहे. विषय मोठा, आणि स्वयंपाकघरातून वास तर यायला लागलाय. तेव्हा एकाच प्रश्नाभोवती बोलतो.

आपल्याकडे गावात अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं आधी विचारतात, ‘कुणाचा रे तू?’ अमक्याचा नातू, तमकीचा भाचा, असं उत्तर मिळालं की त्यांचा चेहरा खुलतो. पोराचं स्वतःचं नाव त्यानंतर. आपलं मराठी पूर्ण नावही असंच आहे. पहिलं आपलं, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं, शेवटचं घराण्याचं, आणि त्यात ‘कर’ असेल तर बहुधा गावाचं. तिन्हींतलं जे एक आपलं, तेही बारशाला आत्याने कानात सांगितलेलं. म्हणजे ‘मी’ म्हणून जे आहे, ते आपण एकट्याने तयार केलेलं नाही.

एकच बाई कुणाची आई, कुणाची जाऊ, कुणाची मावशी आणि कुणाची वन्सं असते. प्रत्येक नात्यात तिचा आवाज वेगळा, हसणं वेगळं, हक्क वेगळा. शाळेत ज्यांना सगळे घाबरतात अशा मुख्याध्यापिकाबाईंना थोरला भाऊ ‘बेबी’ म्हणून हाक मारतो, तेव्हा त्या खरोखरच बेबी होतात. तो भाऊ गेला की ती हाक जाते. मग साठ-सत्तर वर्षं त्या हाकेला ‘ओ’ देणारी बेबीही कुठेतरी मुकी होते. जवळचं माणूस गेल्यावर आपण जे रडतो, त्यातलं थोडं रडणं स्वतःसाठीचं असतं.

चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये म्हटलं होतं, की दुसऱ्यांच्या नजरेच्या आरशात पाहूनच माणूस स्वतःला ओळखतो. पण आरसा वाकडाही असतो, हे विसरून चालणार नाही. ‘तुला काही जमायचं नाही’, ‘धाकट्याकडे बघ जरा’ ही वाक्यं आपण सहज बोलून जातो आणि पोर ती पन्नास वर्षं वागवतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं जायचं. कुणाला ते आवडलं असेल, पण कुणाचं जुनं नाव त्या तांदळाखाली कायमचं दडपलं गेलं. तेव्हा नाती असणं पुरेसं नाही. त्या नात्यात माणसाला मोकळा श्वास घेता आला पाहिजे.

आता स्वास्थ्याकडे येतो. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये एक अभ्यास सुरू केला. त्यात ७२४ जण होते. काही हार्वर्डचे विद्यार्थी, बाकीची बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं. त्यांची तब्येत, नोकरी, संसार हे सगळं वर्षानुवर्षं तपासत गेले. पन्नाशीत जे आपल्या नात्यांमध्ये समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी जास्त धडधाकट निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून एवढा अंदाज बांधता आला नाही. २०१० मध्ये अशा १४८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात ३ लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांची नाती भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. कारणं फार गूढ नाहीत. मन हलकं करायला जागा असली की शरीरावरचा ताण उतरतो. आणि ‘गोळी घेतलीस का’, ‘चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ’ असं म्हणणारं कुणीतरी घरात किंवा शेजारी असतं.

मला हा विषय इथे बोलावासा वाटला, त्याला कारण आहे. जवळच गणेशगुडीला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण आहे. त्याच्या पाण्याखाली जुनं सुपा गेलं, भोवतालची गावंही गेली. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि कितीतरी कुटुंबं रामनगरला वसवली गेली. त्या धरणाची वीज आपण सगळेच वापरतो, त्यामुळे ते नको होतं असं मी म्हणणार नाही. पण भरपाईच्या कागदावर घर, जमीन आणि झाडं मोजता येतात. शेजार मोजायला रकाना नसतो. ‘कुणाचा रे तू’ असं विचारणारी म्हातारी एका वस्तीत गेली आणि उत्तर देणारा पोरगा दुसऱ्या वस्तीत, तर त्याची नोंद कुठे करणार?

हे मी आपल्याच घरांविषयी बोलतो आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. आपल्यातली काही घरं त्याआधीपासूनची. काहींचे आजोबा दांडेलीचा कागद कारखाना निघाल्यावर नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. आता मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. मागे दोन माणसं उरतात, मग एक. तेव्हा मुलगा म्हणतो, ‘आई, आता तू आमच्याकडेच चल.’ त्याचं प्रेम खरं, काळजीही खरी. बाराव्या मजल्यावर आईला स्वतंत्र खोली मिळते, औषधं वेळेवर मिळतात. पण इथे ती भिशीच्या काकू होती, अनारसे बिघडले की जिला विचारायला यावं अशी वहिनी होती, मंगळागौरीच्या खेळांतली पुढारी होती. तिथे ती फक्त ‘अमक्याची आई’. बाकीची सगळी नाती बांधाबांध करताना इथेच राहून गेली. तिच्यापुरतं गाव पाण्याखालीच गेलं की!

मग न्यायचंच नाही का? तसं नाही. कधी न्यावंच लागतं. फक्त नेण्याआधी तिला विचारा, आणि स्वतःलाही विचारा, की तिथे तिला काकू, वहिनी, मावशी म्हणून कोण हाक मारणार आहे. तिच्या इथल्या मैत्रिणींचे फोन नंबर तिच्या फोनमध्ये मोठ्या अक्षरांत घालून द्या. निदान गणपतीचे दहा दिवस तिला इकडे येऊ द्या.

जे इथेच एकटे राहतात, त्यांच्यासाठी मंडळाला माझी एक सूचना आहे. उत्सवात रोज संध्याकाळची एक आरती अशा एका घरी करू. पण प्रसादाचा पुडा देऊन ‘तब्येत सांभाळा’ म्हणत निघायचं नाही. त्यांच्याकडे काहीतरी मागायचं. मोदकाच्या उकडीचं प्रमाण, जुन्या आरतीची चाल, नाहीतर आपल्या मंडळाचा पहिला गणपती कुणाच्या ओसरीवर बसला होता ती हकिकत. आपलं कुणाला तरी काम पडतं, हे कळल्यावर वाकलेला माणूस ताठ बसतो.

आणि ज्या घरांत भावाभावांचं बोलणं बंद आहे, पण मूळ घरच्या गणपतीला दोघंही वेगवेगळ्या वेळी येऊन जातात, त्यांना एवढंच सांगेन, की यंदा एकाच वेळी या. वाद मिटला नाही तरी चालेल. तुम्हाला लहानपणच्या नावाने हाक मारू शकणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यातलं एक तुमच्या समोर उभं असेल.

यादी करायला वही आणली आहे. जेवण झाल्यावर आपापल्या गल्लीतली नावं सांगा. गणपती बाप्पा मोरया!