अमिताभचं चांगलं काम, वाईट काम

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)

१९८२ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला काम दिलंय ते असं : 'अमिताभचं सर्वांत चांगलं काम कोणतं आणि सर्वांत वाईट कोणतं, याचा एकदाचा निकाल लाव.' गेले आठ महिने आपल्या ग्रुपवर मेळाव्याच्या वर्गणीपेक्षा या विषयावर जास्त चर्चा झाली. दोघांनी रागावून ग्रुप सोडला, त्यांना मनधरणी करून परत आणावं लागलं. ते दोघंही आज इथे आहेत, आणि मुद्दाम वेगवेगळ्या रांगांत बसलेत.

समोर मराठीच्या बाई आहेत. आपल्या निबंधांवर त्यांचा लाल शेरा ठरलेला असायचा : 'मुद्द्याला धरून लिही.' म्हणून आधी मुद्दा. चित्रपट पडला म्हणजे काम वाईट, असं नाही. आणि चित्रपट चालला म्हणजे काम चांगलं, असंही नाही. ग्रुपवरची निम्मी भांडणं या घोटाळ्यातून झाली.

'अग्निपथ' घ्या. १९९० चा. विजय दीनानाथ चौहान, मांडव्याच्या शाळामास्तरांचा मुलगा. त्यासाठी त्यानं आपला सवयीचा आवाज बदलला. घोगरा, दाबलेला आवाज काढला. लोक म्हणाले, हा आमचा अमिताभ नव्हेच! तक्रारी इतक्या आल्या की नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करावं लागलं. तिकीटबारीवर निराशा झाली, आणि त्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा वाईट कामांच्या यादीत कुणी 'अग्निपथ' घातला असेल, तर तो मी काढून टाकतो.

आता चांगल्या कामाबद्दल. इथे तीन पक्ष आहेत.

पहिला 'दीवार'वाल्यांचा. हा पक्ष मागच्या बाकांवरचा, आवाजाने मोठा. त्यांना गोदामातली मारामारी आठवते. मला आठवतो तो देवळातला प्रसंग. कधी हात न जोडलेला माणूस आईसाठी महादेवासमोर उभा राहतो. मागायला आलाय, पण भांडल्यासारखा बोलतो. हे सलीम-जावेद यांनी लिहिलं खरं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी आक्रस्ताळं झालं असतं.

दुसरा पक्ष 'अमर अकबर अँथनी'चा. त्यांचं म्हणणं, रडवणं सोपं, हसवणं अवघड. आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला मलमपट्टी करणारा झिंगलेला अँथनी त्यांचा पुरावा. पुरावा भक्कम आहे. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पहिला पुरस्कारही त्याला याच चित्रपटासाठी मिळाला.

तिसरा पक्ष आपल्या मैत्रिणींचा, आणि त्यांचं मत एकच : 'अभिमान'. हृषीकेश मुखर्जींचा, १९७३ चा. बायको आपल्यापेक्षा चांगली गाते हे लोकांनी म्हटलेलं गायक नवऱ्याला सोसत नाही. मोठा संवाद नाही, मारामारी नाही. नुसता चेहरा हळूहळू आक्रसत जातो. ग्रुपवर मुलांनी त्याला 'रडका सिनेमा' म्हटलं. त्यावर आपल्या एका वर्गमैत्रिणीनं लिहिलं, "तुम्हाला तो सिनेमा वाटला, मला घर वाटलं." गॅदरिंगमध्ये दर वर्षी पहिलं गाणं तिचं असायचं. लग्नानंतर तिनं गाणं थांबवलं, हे तिनं त्या दिवशी प्रथमच सांगितलं. त्यानंतर ग्रुपवर दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. ज्या कामावर पन्नास वर्षांनी अशी साक्ष मिळते, त्याला रडकं म्हणायची सोय राहत नाही.

तरी माझं मत 'शक्ती'ला. आपल्या दहावीच्याच वर्षीचा चित्रपट. जुलैमध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात तो जबर जखमी झाला, आणि आपण निकाल हातात घेऊन अकरावीच्या प्रवेशापेक्षा त्याच्या तब्येतीची चौकशी जास्त करत होतो. ऑक्टोबरमध्ये 'शक्ती' आला. समोर दिलीपकुमार. पुरस्कार दिलीपकुमारांना मिळाला, आणि तो योग्यच होता. पण आई गेल्यावर बापाशेजारी येऊन बसणारा मुलगा पाहा. एक शब्द नाही. तेव्हा अमिताभ देशातला सर्वांत मोठा नट होता, त्याला ओरडून प्रसंग खाऊन टाकता आला असता. त्यानं समोरच्याला जागा दिली. म्हणून माझं मत तिथे.

आता वाईट काम. बहुमत 'राम गोपाल वर्मा की आग'ला आहे. गब्बरच्या जागी बब्बन! मी असहमत आहे. ते काम फसलं, पण त्यात काहीतरी वेगळं करायची धडपड दिसते. 'जादूगर'वरही मते पडली आहेत. ज्यांनी तो तिकीट काढून पाहिला त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे.

माझ्या मते त्याची सर्वांत वाईट कामं 'मृत्युदाता' आणि 'लाल बादशाह'. एक १९९७ चं, दुसरं १९९९ चं. अभिनय येईनासा झाला होता असं नाही. पंचावन्न-छप्पन्न वर्षांचा माणूस तिशीतल्या अमिताभची नक्कल करत होता. तेच गुरगुरणं, तीच मारामारी, तीच गाणी, फक्त अंग साथ देत नव्हतं. त्या काळात त्याची कंपनी कर्जात होती, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पडद्यावर दिसत होतं ते एवढंच, की या माणसाला आपली जुनी खुर्ची सोडवत नाही.

आणि मग २००० साल. जुलैत 'कौन बनेगा करोडपती', ऑक्टोबरमध्ये 'मोहब्बतें'. पांढरी दाढी. एकीकडे कडक हेडमास्तर, दुसरीकडे समोर बसलेल्या साध्या माणसाला पाणी विचारणारा, त्याचं ऐकून घेणारा यजमान. खेळ समोरच्याचा, हा नुसता प्रश्न विचारणार. जे 'शक्ती'त एका प्रसंगापुरतं केलं, ते आता रोज. तिथून पुढे 'ब्लॅक'मधला शिक्षक झाला, 'पा' झाला, आणि 'पिकू'मधला बद्धकोष्ठाने हैराण झालेला हट्टी बापही झाला. (हसू नका, आपल्यापैकी अर्ध्या लोकांच्या पिशवीत इसबगोल आहे.) या तिन्ही कामांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

२००० च्या जुलैत तो अठ्ठावन्नाव्या वर्षात होता. मित्रहो, आपल्यातले बरेच जण याच वर्षी अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. मी स्वतः मे महिन्यात जिल्हा परिषदेतून बाहेर पडलो. अजूनही सकाळी साडेनऊला हात किल्ल्यांकडे जातो. आपल्या एका मित्रानं दुकान मुलाच्या नावावर केलं, पण गल्ल्यावर अजून तोच बसतो आणि मुलगा गिऱ्हाइकांना पिशव्या भरून देतो. त्याची चेष्टा करायला मन धजत नाही, कारण आपण सगळेच त्या १९९९ मध्ये उभे आहोत.

सर्वांना काही करोडपतीची खुर्ची मिळणार नाही. पण गल्ल्यावरून उठून शेजारच्या स्टुलावर बसता येतं, पोराला विचारलं तरच सांगता येतं. आणि ज्यांच्या घरातलं गाणं थांबलंय, त्यांनी आधी ते सुरू होईल असं पाहावं. आज संध्याकाळच्या कार्यक्रमात पहिलं नाव कुणाचं आहे, ते फलकावर लिहिलंय. तिनं होकार दिलाय.

माझा निकाल संपला. अपील करायचं असेल त्यांनी जेवणानंतर वडाखाली भेटावं. फक्त वेगवेगळ्या रांगांतल्या त्या दोघांनी एकत्र यावं, एवढी अट आहे.