'संबंधितांनी लक्ष घालावे'

(मंडळाच्या सभेत झालेले भाषण)



माहेरी निरोप धाडण्यात आपला हात कोणी धरणार नाही. पण वर्तमानपत्राला चार ओळी लिहा म्हटले की आपण मागे सरतो. वास्तविक 1855 साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या लहान मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला होता. मांग-महारांचे जे हाल तिला ठाऊक होते, तेच तिने लिहिले.

आपल्या विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, म्हणजे जुना कंबर तलाव, घ्या. तेथे जलपर्णी वारंवार माजत आली आहे. त्यावर पत्र लिहायचे झाले तर आपण लिहितो, 'तलावाची दुर्दशा पाहून मन विषण्ण होते. संबंधितांनी लक्ष घालावे.' आता हे 'संबंधित' कोण? त्या नावाचे गृहस्थ कोणत्याच कचेरीत बसत नाहीत!

जलपर्णी पोसते ती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर. तिची गादी पसरली की पाण्यात ऊन शिरत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. नुसते 'जलपर्णी काढा' म्हटले, तर ती काढतील, छायाचित्र छापून येईल, आणि काही महिन्यांत पाणी पुन्हा झाकेल. म्हणून विचारायचे ते सांडपाण्याचे: तलावात ते कोठून येते आणि केव्हा थांबवणार? आणि विचारायचे महापालिका आयुक्तांना, कारण शहराच्या सांडपाण्याची व्यवस्था महापालिकेकडे आहे.

'पाणी विषारी झाले' असे ठोकून देऊ नये. ते प्रयोगशाळेने सांगायचे. आपण कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या काठाला काय पाहिले, एवढेच लिहावे. पाणी तपासल्याचे अहवाल हवे असतील, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अहवालातला एक आकडा पत्रात घातला, की त्याला उत्तर देणे भाग पडते.

पत्र दीडशे शब्दांत आटपावे. खाली नाव-पत्ता हवाच. एकच मजकूर वीसजणींनी उतरवून काढू नये, संपादकांना ते लगेच कळते. जिच्या घरी डास शिरतात तिने डासांचे लिहावे, जी सकाळी काठाने फिरते तिने वासाचे. उत्तर आले नाही, तर महिन्याने पहिल्या पत्राची तारीख घालून पुन्हा लिहावे.

सतरंज्या उचलण्यापूर्वी चौघीजणी थांबा. पहिले पत्र आजच लिहू.